आधी आपली माणसं, मग दार

29 जानेवारी 2022, शनिवार. सकाळी साडेदहाच्या सुमाराला गांधीधामहून पुरीला निघालेली एक्स्प्रेस नंदुरबार स्थानकापाशी असताना तिच्या पँट्री कारमधून धूर निघू लागला. गाडी 22 डब्यांची आणि पँट्री कार तेरावी. आग अशी ऐन मधोमध, पुढे-मागे माणसांनी भरलेले डबे. प्रवाशांना खाली उतरवलं गेलं, जळते डबे बाकीच्या गाडीपासून तोडले गेले, बंब आले, आग आटोक्यात आली. माणूस एकही दगावला नाही. त्या दिवशी नशीबही बाजूने होतं: दिवस होता, स्थानक हाकेच्या अंतरावर होतं आणि आग लागली ती प्रवासी झोपतात त्या डब्यात नव्हे. हीच आग रात्री दोन वाजता, दोन स्थानकांच्या मधे लागली असती तर काय झालं असतं, हा विचार मनातून जात नाही.

सुरतमार्गे ओडिशाला जाणारी ही गाडी. सुरतेच्या यंत्रमागांवर ओडिशातले, विशेषतः गंजाम जिल्ह्यातले कामगार पिढ्यान्पिढ्या राबतात. तापी खोऱ्याच्या या मार्गावर साधारण डब्यात एकटा माणूस सापडणं कठीण. एका गावचे चौघे, नवरा-बायको आणि दोन पोरं, म्हातारी आई आणि तिला घेऊन निघालेला भाचा, अशीच माणसं बसलेली असतात. तिकिटांच्या यादीत ती एकेकटी दिसतात, पण धूर दिसला की यादीप्रमाणे कोणी उतरत नाही. आधी हाक जाते ती नावाने. वरच्या बर्थवरचा धाकटा खाली येईपर्यंत थोरला दाराकडे पाऊल टाकत नाही. शौचालयात गेलेल्या बाईचा नवरा गर्दीच्या उलट दिशेने निघतो.

हा लेख त्या उलट दिशेने निघालेल्या माणसाबद्दल आहे. त्याला मूर्ख ठरवून आपण मोकळे होतो आणि तिथेच चुकतो.

आगीतल्या गर्दीचं एक ठरलेलं चित्र आपल्या डोक्यात असतं. आरडाओरडा, धक्काबुक्की, जो तो आपला जीव घेऊन पळतोय आणि दुसऱ्याला तुडवतोय. चित्रपटांनी हे चित्र पक्कं केलं आणि बातम्यांनी त्याला शब्द पुरवले. ज्यांनी आपत्तीनंतर वाचलेल्या माणसांशी बसून तासन्‌तास बोलणी केली, त्यांना मात्र वेगळंच दिसलं. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ एन्‍रिको क्‍वारंटेली 1950च्या दशकापासून सांगत राहिले की बेभान पळापळ ही फार क्वचित घडणारी गोष्ट आहे. माणसं संकटातही नवरा, आई, शेजारी, शिक्षक असतातच. नात्याने लावलेलं वळण धुरात सुटत नाही.

याचा सर्वांत अस्वस्थ करणारा पुरावा आयरिश समुद्रातल्या आइल ऑफ मॅन बेटावरून आला. डग्लस गावात समरलँड नावाचं भलंमोठं करमणूक केंद्र होतं. 2 ऑगस्ट 1973च्या संध्याकाळी तिथे आग लागली तेव्हा आत सुमारे 3,000 माणसं होती, बहुतेक सुटीवर आलेली कुटुंबं. भिंती आणि छताला लावलेले अॅक्रिलिकचे पत्रे भराभर पेटले. 50 माणसं गेली. जोनाथन साइम या मानसशास्त्रज्ञाने नंतर वाचलेल्यांचे जबाब अभ्यासले आणि 1983मध्ये आपला निष्कर्ष मांडला. कुटुंबातली जी माणसं धोका कळला तेव्हा एकत्र होती, ती एकत्रच निघाली. जी वेगवेगळी होती, मुलं एका मजल्यावरच्या खेळात आणि आई-बाप दुसऱ्या मजल्यावर, ती आधी एकमेकांच्या शोधात निघाली. जवळचं दार समोर असूनही आई वरच्या मजल्याकडे धावली. आणखी एक गोष्ट साइमला दिसली. पाहुणे ज्या दाराने आत आले होते त्याच ओळखीच्या दाराकडे परतले, तर आणीबाणीची दारं कर्मचाऱ्यांनी जास्त वापरली, कारण ती त्यांच्या रोजच्या पायाखालची होती.

धोका आला की माणूस धोक्यापासून दूर पळतो, असं आपण गृहीत धरतो. साइमने दाखवलं की तो ओळखीच्याकडे जातो. ओळखीच्या माणसाकडे आणि ओळखीच्या जागेकडे. इमारतीच्या नकाशावर हिरवा बाण काढणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर तो बाण नुसता भिंतीवर राहतो.

मुंबईत 29 डिसेंबर 2017च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारात, गच्चीवरच्या उपाहारगृहांत आग लागली. 14 जण गेले, बहुतेक गुदमरून. मृतांमध्ये एकाच कुटुंबातले दोन तरुण भाऊ आणि त्यांच्या नात्यातली एक वडीलधारी बाई होती. भाऊ बाहेर पोचले होते आणि तिला आणायला परत आत गेले, असं घरच्यांनी तेव्हा वार्ताहरांना सांगितलं. ही बातमी वाचताना कोणाच्याही तोंडून, परत जायला नको होतं, असं निघतं. पण आपल्यातल्या कोणाची आत्या आत राहिली असती तर आपण काय केलं असतं, याचं उत्तर द्यायला फार वेळ लागत नाही. परत जाणाऱ्याला दोष देऊन एकही जीव वाचणार नाही. त्याला परत जावं लागू नये अशी व्यवस्था आधी करता येते, आणि बोलायचं ते त्याबद्दल.

नात्याचा दुसरा परिणाम याहून कमी नाट्यमय, म्हणून कमी लक्षात येणारा. नातं माणसाला निघायलाच उशीर करतं. 26 फेब्रुवारी 1993 रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात बॉम्बस्फोट झाला. जिने धुराने भरले, हजारो माणसं तासन्‌तास उतरत राहिली. बेनिग्नो अगिरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर तपासलं, तेव्हा दिसलं की ज्या गटात माणसं जास्त आणि ओळख जुनी, तो गट बाहेर पडायला जास्त वेळ घेत होता. कारण उघड आहे. चार ओळखीची माणसं असली की चर्चा होते. हे काय आहे, खरंच निघायचं का, अमुक कुठे आहे, त्याला फोन लाव. एकटा माणूस पर्स उचलतो आणि निघतो.

अनोळखी माणसांमध्ये मात्र वेगळाच धोका असतो. बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी 1968मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थी खोलीत प्रश्नावली भरत बसलेले असताना भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला. एकट्या बसलेल्यांपैकी 75 टक्क्यांनी उठून कळवलं. पण शेजारी दोन माणसं मुद्दाम निर्विकार बसवली, तेव्हा फक्त 10 टक्के उठले. बाकीचे डोळे चोळत, खोकत लिहीत राहिले. शेजारचा हलत नाही म्हणजे काही नसेल, हा तर्क आपण रोज करतो. शाळेत घंटा वाजली, मॉलमध्ये भोंगा वाजला, तर आपण आधी भोंग्याकडे बघत नाही, एकमेकांच्या तोंडाकडे बघतो.

आणि निघायला उशीर करणारं तेच नातं उलटंही चालतं. 29 ऑक्टोबर 2020च्या पहाटे डोंबिवलीजवळ कोपर भागात एक अठरा वर्षांचा मुलगा जागा होता, मोबाइलवर मालिका बघत होता. पहाटे चारच्या सुमाराला स्वयंपाकघराचा भाग खचताना त्याला दिसला. त्याने घरच्यांना उठवलं, मग शेजाऱ्यांची दारं वाजवली. दोन मजली इमारतीतली पंचाहत्तरच्या आसपास माणसं बाहेर आली आणि इमारत कोसळली. ती धोकादायक असल्याचं महापालिकेने आधीच कळवलेलं होतं, पण परवडणारी दुसरी जागा नाही म्हणून लोक राहत होते. नोटिशीने जे झालं नाही ते शेजारच्या पोराच्या दार वाजवण्याने काही मिनिटांत झालं. ओळखीचा आवाज असला की हे खरं आहे का, असं विचारण्यात वेळ जात नाही.

22 ऑगस्ट 2018 रोजी परळच्या हिंदमाताजवळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर आग लागली. चार जण गेले. सोळाव्या मजल्यावर राहणाऱ्या दहा वर्षांच्या झेन सदावर्तेने घरच्यांना आणि शेजाऱ्यांना मिळून 17 जणांना एकत्र आणलं, सुती कापडाचे तुकडे ओले करून नाकातोंडावर धरायला लावले. शाळेत शिकलेलं तिला आठवलं होतं. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. या गोष्टीत धडा शाळेतला आहे हे खरं, पण सतरा माणसांनी एका मुलीचं ऐकलं ते ती घरची, शेजारची होती म्हणून. परकं पोर असतं तर तिला गप्प बस म्हणाले असते.

रक्ताच्या आणि शेजाराच्या नात्याइतकंच पक्कं तिसरं एक नातं असतं, कामाचं. अमेरिकेत केंटकी राज्यात 28 मे 1977 रोजी बेव्हर्ली हिल्स सपर क्लबला आग लागली, 165 माणसं गेली. नॉरिस जॉन्सन यांनी वाचलेल्यांच्या जबाबांवरून दाखवलं की तिथल्या वाढपी मुली आपापल्या टेबलांवरच्या पाहुण्यांना घेऊन बाहेर निघाल्या. दुसऱ्याच्या टेबलाचं काय, याचा विचार प्रत्येकीने केलाच असं नाही, पण आपलं टेबल सोडलं नाही. एका अठरा वर्षांच्या पोऱ्याने रंगमंचावर चढून, ध्वनिक्षेपक हातात घेऊन दारं कुठे आहेत ते दाखवलं आणि शेकडो जण त्यामुळे बाहेर पडले.

आपल्याकडे 26 नोव्हेंबर 2008च्या रात्री, मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला तेव्हा, छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या उद्घोषणा कक्षातून विष्णू झेंडे गोळीबार चालू असताना प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगत राहिले. रोज ज्या आवाजाने लोकल किती मिनिटं उशिरा आहे ते सांगितलं, त्याच आवाजाने त्या रात्री वाट सांगितली. ताज हॉटेलात महाव्यवस्थापक करमबीर कांग पाहुण्यांना बाहेर काढण्याच्या कामात राहिले. त्यांची पत्नी आणि दोन मुलं त्याच इमारतीच्या सहाव्या मजल्यावर होती, ती तिघं हल्ल्यात लागलेल्या आगीत गेली. दोन नात्यांच्या मधे माणूस कसा सापडतो, यावर याहून जास्त काही लिहावंसं वाटत नाही.

संगणकावर गर्दीचा अभ्यास करणाऱ्यांनी बराच काळ माणसाला एकेकटा धरला. डिर्क हेल्बिंग आणि सहकाऱ्यांनी 2000 साली मांडलेलं प्रारूप फार गाजलं, त्यात माणसं एकमेकांना ढकलणाऱ्या कणांसारखी दारापाशी येतात. ते उपयोगी ठरलं, दाराची रुंदी आणि कोंडी यांबद्दल त्यातून पुष्कळ कळलं. पण 2010मध्ये मेहदी मुसाइद आणि त्यांच्या चमूने फ्रान्सच्या तुलूज शहरात रस्त्यावरची माणसं मोजली, तेव्हा गर्दीत सत्तर टक्क्यांपर्यंत माणसं दोघं-तिघं-चौघं मिळून चालताना दिसली. तिघं असले की मधला थोडा मागे राहतो आणि बाजूचे दोघं पुढे, म्हणजे बोलता येतं. याने वाट अडते, वेग कमी होतो. तरी गटातला कोणी पुढे निघून जात नाही.

तुलूजचे आकडे वाचताना मला काठी आठवते. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला सातपुड्यातून, गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही हजारो माणसं रात्रभर चालत येतात आणि पहाटे होळी पेटते. बाहेरून आलेल्याला ती एक प्रचंड गर्दी दिसते. आत शिरलं की कळतं, ही गर्दी गावांची आहे. एकेका गावाचा ढोल वेगळा, हातात हात गुंफलेली ओळ वेगळी. कोण कोणाबरोबर आलं आणि कोणाबरोबर परत जाणार हे पक्कं असतं. पोर हरवलं तर अमक्या गावचं म्हणून हाक देता येते. अशा गर्दीला सूचना द्यायची तर ती गावाला द्यावी, गावाच्या कारभाऱ्याला, ढोल वाजवणाऱ्याला. तो थांबला की ओळ थांबते.

काठी ज्यात येते तो नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. 2011च्या जनगणनेत इथल्या दर शंभर माणसांत एकोणसत्तर अनुसूचित जमातींची होती. इथे भिली, पावरी, अहिराणी, गुजराती, हिंदी आणि मराठी एका बसमध्ये ऐकू येतात. आणि इथे एकट्याने दवाखान्यात जायची रीत नाही. धडगावकडून घाट उतरून पेशंट आणला की त्याच्याबरोबर बायको, भाऊ, मेहुणा आणि शिदोरी असते. आत एक जण, बाकीचे व्हरांड्यात किंवा झाडाखाली. दवाखान्यांना ही गर्दी अडचण वाटते, आणि आग नसलेल्या दिवशी ती असतेही.

9 जानेवारी 2021 रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. त्याच वर्षी 23 एप्रिलला विरारच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात 15 रुग्ण, आणि 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात 11. या तिन्ही ठिकाणी जे गेले ते स्वतः उठून चालू शकत नव्हते. त्यांना उचलणाऱ्या हातांची गरज होती. व्हरांड्यात बसलेले ते मेहुणे आणि भाऊ हेच ते हात होऊ शकतात, पण आधी कोणी त्यांना सांगितलं तर. खाट कुठून निघते, ऑक्सिजनची नळी कोणी सोडवायची, आपण स्वतः कशाला हात लावायचा नाही, बाहेर कुठे जमायचं. भरतीच्या वेळी पाच मिनिटं, पावरी किंवा भिली बोलणाऱ्या एखाद्या मावशींकडून. नाहीतर वेळ आल्यावर ते सगळे एकाच दाराने आत घुसतील, कारण त्यांचं माणूस आत आहे, आणि त्याच दाराने परिचारिका बाहेर यायचा प्रयत्न करत असतील.

माझा सगळा जीव मात्र आश्रमशाळांपाशी अडकतो. नंदुरबार आणि तळोदा या दोन प्रकल्प कार्यालयांच्या हाताखाली जिल्ह्यातल्या शासकीय आश्रमशाळा चालतात. अक्राणी, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरची मुलं तिथे राहून शिकतात. आई-बाप ऊसतोडीला नाहीतर गुजरातेत मजुरीला गेलेले. एकाच घरची दोन-तीन भावंडं एकाच शाळेत असणं नेहमीचं. आठवीतली बहीण मुलींच्या वसतिगृहात, दुसरीतला भाऊ मुलांच्या. तो रात्री रडला की तिला बोलावतात. त्याचा ताप, त्याचे कपडे, त्याची वही तीच बघते. त्या परिसरात त्याच्यासाठी आई ती आहे.

आता रात्री वसतिगृहात आग लागली, तर ती कुठे जाईल? साइमने जे समरलँडमध्ये पाहिलं ते इथेही घडेल. ती फाटकाकडे जाणार नाही, मुलांच्या इमारतीकडे जाईल. तिच्यासारख्या तीस-चाळीस बहिणी जातील. मुलांच्या इमारतीतून भाऊ मुलींच्या इमारतीकडे निघतील. दोन लोंढे मधल्या जागेत एकमेकांवर येतील. आणि हजेरी घेणारे गुरुजी इयत्तेप्रमाणे नावं पुकारत राहतील. 16 जुलै 2004 रोजी तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून आग लागली, वरचं छप्पर गवताचं, जिना अरुंद, 94 मुलं गेली. त्यानंतर देशभर शाळांच्या छपरांचे आणि स्वयंपाकघरांचे नियम झाले. नियम छपराचे झाले, जिन्याचे झाले. बहीण-भावाचा विचार करणारा नियम माझ्या वाचनात आलेला नाही.

हा विचार जिथे झाला ते ठिकाण जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर आहे. सान्‍रिकू किनाऱ्याने पिढ्यान्पिढ्या त्सुनामी पाहिल्या. तिथल्या कुटुंबांमध्ये एक कठोर वाटणारी शिकवण आहे: लाट आली की ज्याने त्याने स्वतः उंचावर पळायचं, कोणी कोणाची वाट पाहायची नाही. वरवर पाहता ही नातं तोडणारी गोष्ट आहे. तेव्हा गुन्मा विद्यापीठात असलेल्या तोशिताका कातादा यांनी कामाइशी शहराच्या शाळांमध्ये ती शिकवली तेव्हा तिची दुसरी बाजू पुढे आणली. मुलांना त्यांनी सांगितलं, घरी जाऊन आईला सांगा की मी नक्की पळेन, तू मला शोधायला येऊ नकोस. आईला त्याच्यावर विश्वास बसेपर्यंत सांगा. आई शाळेकडे धावली तर तिचा जीव जाईल, म्हणून मुलाने आपलं पळणं आधीच आईला कबूल करायचं.

11 मार्च 2011 रोजी भूकंप झाला तेव्हा ‘कामाइशी पूर्व’ या माध्यमिक शाळेची मुलं धावत सुटली. शेजारच्या उनोसुमाई प्राथमिक शाळेतल्या लहानांनी त्यांना पाहिलं आणि तीही निघाली. मोठ्यांनी लहानांचे हात धरले. ठरलेल्या जागी पोचल्यावर ती पुरेशी उंच नाही असं वाटलं, तशी सगळी आणखी वर गेली. त्या शहरात हजारावर माणसं गेली किंवा बेपत्ता झाली, पण सुमारे 3,000 शाळकरी मुलांपैकी जवळजवळ सगळी वाचली. प्रत्येकाने स्वतः पळायचं या शिकवणीत वाढलेली मुलं प्रत्यक्षात हात धरून पळाली, याचं मला फार अप्रूप वाटतं. एकमेकांना शोधण्यात वेळ गेला नाही म्हणूनच हात धरायला वेळ उरला.

आश्रमशाळेतल्या त्या बहिणीला, भावाचा विचार करू नकोस, असं सांगून चालणार नाही. ती ऐकणार नाही, आणि ऐकू नये. तिला सांगायचं ते असं: तुझ्या भावाला रात्री अमका दादा बाहेर आणतो, त्याच्या शेजारच्या खाटेवरचा, नववीतला. तो दादा आधीच ठरलेला असतो, तिच्या ओळखीचा असतो, शक्यतो तिच्याच पाड्यावरचा. दोन्ही वसतिगृहांतून दिसेल अशी एकच जमायची जागा असते. तिथे तिला भाऊ दिसतो. सरावात हे तिने एकदा नव्हे, चारदा पाहिलेलं असतं, त्यातलं एकदा रात्री. मग तिचे पाय मुलांच्या इमारतीकडे वळायचं कारणच उरत नाही. यासाठी पैसा लागत नाही. वीजतारा बदलायला, दुसरा जिना बांधायला, पाण्याची टाकी भरलेली ठेवायला लागतो, आणि तो खर्च टाळायला हे निमित्त होता कामा नये. महाराष्ट्राचा आगप्रतिबंधक कायदा 2006चा आहे, त्यातली कर्तव्यं आपापल्या जागी आहेतच.

दिवाळीच्या सुटीनंतर आश्रमशाळा पुन्हा भरतात. दुसरं सत्र सुरू होताना खाटा नव्याने लावल्या जातात, तेव्हा कोण कोणाच्या शेजारी झोपणार हे ठरवायला तीच वेळ बरी. हजेरीपट इयत्तेप्रमाणेच राहू द्यावा. पण अधीक्षकांच्या खोलीत आणि जमायच्या जागेपाशी आणखी एक कागद असावा, त्यावर मुलांची नावं घराप्रमाणे लिहिलेली: पाडा, मग त्या पाड्यावरचं घर, मग त्या घरची भावंडं एका ओळीत, आणि ओळीच्या शेवटी धाकट्याला बाहेर आणणाऱ्या दादाचं किंवा ताईचं नाव. मोजणी त्या कागदावरून करावी.